दोन लाख अडतीस हजार

अजमानहून मुसफ्फा, जाताना एकशे पासष्ट,
येताना तेवढेच, शिवाय शारजातून निघतानाचा
तो एक तास, जो कुठल्याच किलोमीटरात बसत नाही.
वर्षाचे ब्याऐंशी हजार.
कागदावर मांडून पाहिलं:
पृथ्वीला दोन फेरे, एका नोकरीपायी.

कारलिफ्टवाला शमशाद कायमचा गावी गेला
तेव्हा हा हिशेब माझ्या गळ्यात पडला.
हाताशी बारा हजार दिरहम,
त्यातले तीन कुंदाताईंच्या भिशीचे.

बाजारात गाड्या उभ्या होत्या
दाखवून घ्यायला बसवल्यासारख्या,
तोंडं पुसून, अत्तर मारून.
झरवली म्हणाला, एका हाताची, लेडी डॉक्टरची,
फक्त एकोणऐंशी हजार चाललेली.
(म्हणजे माझं एक वर्ष, तेही पुरतं नाही.)
बॉनेट असं चकाकत होतं
की त्यात मला माझीच हाव दिसली.

पण मी पोटासाठी काटे तपासते.
वाफेच्या दाबाचे, तेलाच्या वेगाचे.
बाबा घुग्घुसला कोळशाच्या वजनकाट्यावर बसायचे,
म्हणायचे, काटा खोटं बोलत नाही पोरी,
काट्यावर बोट ठेवणारा बोलतो.
म्हणून आकडा सोडून खाली वाकले.
ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत,
देवळाच्या उंबरठ्यासारखं झिजलेलं.
एका वर्षात एवढी पावलं पडत नाहीत.

बावुट्टी मेकॅनिकनं सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला,
टोक नाकाशी नेलं.
म्हणाला, चेची, ही पोहून आलीय.
अमेरिकेतल्या कुठल्याशा पुरात बुडालेली,
जहाजातून येऊन वाळवंटात वाळलेली.
वरून कीर्तन, आतून गाळ.

दुसरीचा एसी पळताना गार, थांबला की गरम.
चंद्रपूरचा मे काढलेली मी, पण इथला जुलै
माणसाच्या मागच्या पुण्याईची दखल घेत नाही.
तिसरीचं इंजिन एवढं दांडगं
की पगार तिनंच प्यायला असता.
चौथीच्या टायरवर चार आकडे बारीक कोरलेले:
सोळा सालचा तेविसावा आठवडा.
टायरलाही जन्मतारीख असते, हे मला ठाऊक नव्हतं.
हायवेच्या कडेला कात टाकल्यासारख्या पडलेल्या
रबराच्या काळ्या पट्ट्या आठवल्या, आणि पुढे सरकले.

पाचवी बाजारात नव्हतीच.
रशिदियातल्या एका इमारतीखाली, नीमच्या सावलीत,
पांढरी, दाराला पोचा,
आकडा दोन लाख अडतीस हजार.
उस्ताद नबील, अरबी व्याकरण शिकवायचे अल ऐनला,
अकरा वर्षं रोज जाऊन येऊन;
आता मन्सुऱ्याला परत चाललेले.
त्यांनी बिस्किटाचा डबा उघडला:
दर दहा हजारांना तेल बदलल्याच्या पावत्या,
तारखेनं लावलेल्या, रबरबँड घालून.
मग, मी काही विचारायच्या आत,
दोष सांगितले. मागची डावी काच वर येत नाही.
एकशे वीसच्या पुढे थोडी उजवीकडे ओढते.
थोडा वेळ आठवून म्हणाले,
रेडिओवर एकच स्टेशन लागतं, पण बातम्यांचं नाही.

चाचणीला मी चालवली, ते शेजारी बसले.
प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय
रिकाम्या जागेवर दाबत होता.
मी घासाघीस करायला आले होते.
साडेदहा सांगितले, दहा ठरले,
त्यातही त्यांनीच आधी पाचशे सोडले,
आणि बाकीचे सोडताना एकदा गाडीकडे पाहिलं.
बावुट्टीनं गाडीखालून हात बाहेर काढला,
अंगठा वर, काळा.

पहिली पहाट, चार वीस.
घंतूतपाशी धुकं, वेगाची मर्यादा ऐंशीवर आलेली,
पाट्या लुकलुकणाऱ्या. पुढच्या ट्रकचे दोन लाल दिवे
धरून चालले, जसं गर्दीत कुणाचं बोट धरावं.
मागच्या काचेला चिकटपट्टी लावलेली,
तिच्यातून बारीक शीळ येत होती.

पार्किंगमध्ये इंजिन बंद केलं.
कामाची नोंदवही पिशवीतच होती.
शेवटच्या पानावर, सवयीनं, लिहिलं:
आरंभीचं वाचन २,३८,४१२.
ज्ञात त्रुटी: मागची डावी काच.